दोन आखूड शिट्ट्या

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आपल्या रुग्णालयाचे अधीक्षक साहेब. त्यांच्या शेजारी बसलेल्या मुख्य परिचारिका ताई. संशोधन संस्थेतून खास या कार्यक्रमासाठी आलेले मोठे सर, ज्यांच्यापुढे कुणीतरी एवढा थोरला पुष्पगुच्छ ठेवलाय की मला इथून त्यांचं फक्त कपाळ दिसतंय. समोर बसलेला डॉक्टरवर्ग, कार्यालयातली मंडळी, आणि शेवटच्या रांगेत, दाराजवळ, मधेच सटकता यावं अशा बेताने बसलेल्या माझ्या धुलाईघरातल्या सगळ्याजणी, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

सत्कारमूर्तींचा उल्लेख मी केला नाही, हे चाणाक्ष मंडळींच्या लक्षात आलं असेल. त्यांची खुर्ची रिकामी आहे. स्वतःच्याच निरोप समारंभात त्या मागे उभ्या राहून चहाचे कप ट्रेमध्ये लावतायत. बघा, मान वळवून बघा. असू दे. त्यांच्याकडे मी शेवटी येणार आहे.

मला भाषणाची सवय नाही. मी धुलाईघराची प्रमुख. आमच्या तळघरात यंत्रांची घरघर एवढी, की आम्ही प्रेमाचं बोलणंसुद्धा ओरडूनच बोलतो. तेव्हा मी माइकपासून जरा लांब उभी आहे ती घाबरून नव्हे, तुमच्या कानांच्या काळजीपोटी. साहेबांनी मला ‘थोडक्यात बोला’ असं बजावलंय. साहेब, प्रयत्न करते. पण तुमचं थोडक्यात आम्ही दर वर्षी ऐकतोच की!

कागदोपत्री आजच्या सत्कारमूर्ती संशोधक आहेत. थोडे आठवडे, थोडा थोडा वेळ, पण जीव तोडून व्यायाम केला तर बायकांच्या दमात आणि रक्तातल्या साखरेत काय फरक पडतो, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. खाली मात्र त्यांना या ओळखीने कुणी ओळखत नाही. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून त्या आमच्या शिट्टीबाई. पहिल्यांदा हे नाव त्यांच्या कानावर गेलं तेव्हा आम्ही जीभ चावली. त्या म्हणाल्या, “चालेल. घरी मला याहून वाईट नावं आहेत.” तिथेच निम्म्याजणींशी त्यांची गट्टी जमली.

उरलेल्या निम्म्या मात्र माझ्यासारख्या होत्या. म्हणजे हट्टी.

शिट्टीबाई पहिल्यांदा तळघराचा उतार उतरून खाली आल्या आणि म्हणाल्या, मला व्यायामासाठी बायका हव्यात. आम्ही हसून हसून बेजार झालो. आमच्याकडे दोन सख्ख्या जावा कामाला आहेत, त्यांना सगळे थोरली आणि धाकटी म्हणतात. थोरलीने ओल्या चादरींचं एक गाठोडं पुढे सरकवलं आणि म्हणाली, “हे उचला बाई आधी, मग सांगा व्यायाम कुणाला हवाय ते.” शिट्टीबाईंनी उचललं. उचललं म्हणजे काय, गाठोड्याला मिठी मारली आणि तशाच उभ्या राहिल्या. गाठोडं काही जागचं हललं नाही. आम्ही पुन्हा हसलो. मग घाम पुसत त्यांनी एक साधा प्रश्न विचारला. “तुम्ही रोज एवढं उचलता, तर ढकलगाडी घेऊन उतार चढल्यावर भिंतीला का टेकता?”

हसणं तिथेच थांबलं. ज्यांनी आमचा उतार पाहिलाय त्यांना माहीत असेल, वरच्या टोकाला भिंतीवर एक मळकट पट्टा आहे. रंगारी दर वर्षी रंग देतो आणि महिन्याभरात पट्टा परत हजर. रंगारी ओल येते म्हणायचा. ती ओल नव्हती हो. ते आमचे तळहात होते. वर पोचलं की प्रत्येकीचा हात त्या जागी जायचा, आणि श्वास जाग्यावर येईपर्यंत तिथेच राहायचा. रोजचं होतं, त्यामुळे त्यात काही वेगळं आहे असं आम्हाला कधी वाटलंच नव्हतं.

दिवसभराच्या कामाने अंग दमतं, पण तेवढ्याने दम वाढतोच असं नाही, असं त्यांनी समजावलं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकाच चालीने राबायचं, त्यात काळजाचे ठोके कधी खूप वर जात नाहीत आणि कधी नीट खालीही येत नाहीत. त्यांना मुद्दाम वर न्यायचं आणि मुद्दाम खाली आणायचं, हा त्यांचा व्यायाम. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी म्हटलं, मला वेळ नाही.

वेळ होता. धीर नव्हता. ते का, हे सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय मी आज इथे कशाला उभी आहे हे तुम्हाला कळणार नाही.

माझ्या आईला साखर होती. आई शिवण करायची. एके दिवशी तिने सुई आणि दोरा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, “जरा ओवून दे गं, उजेड कमी झालाय.” भर दुपार होती. मग रोजच उजेड कमी होत गेला. शेवटी शेवटी मी तिला घास भरवायला बसले की ती आधी माझा चेहरा चाचपायची, मग तोंड उघडायची. फाटलेल्या चादरी शिवायचं काम आमच्या विभागात माझ्याकडे आहे. कामावर आले की पहिल्यांदा मी सुईत दोरा ओवते. शिवायचं काही नसलं तरी ओवते. लोकांना वाटतं बाई कामाची मोठी तत्पर आहे. मी माझे डोळे तपासत असते.

आणि त्याच सुमारास, कर्मचाऱ्यांच्या वार्षिक तपासणीत, माझी साखर काठावर आली होती. डॉक्टर म्हणाले, अजून आजार म्हणता येणार नाही, पण असंच राहिलं तर गोळी सुरू करावी लागेल. मी घरी कुणाला सांगितलं नाही. आमच्या ह्यांनाही नाही. शिट्टीबाईंनी मात्र, दुसऱ्यांदा खाली आल्या तेव्हा, मला बाजूला घेऊन विचारलं, “तुम्हाला कसली भीती वाटतेय?” ‘का येत नाही’ असं नाही विचारलं. भीती कसली, असं विचारलं. मी ज्या माणसांशी वर्षानुवर्षं बोलते त्यांनी कधी असं विचारलं नव्हतं. मी त्यांना सुईची गोष्ट सांगितली आणि दुसऱ्या दिवसापासून व्यायामाला जायला लागले.

आता व्यायामाबद्दल. इस्त्रीच्या खोलीला लागून जी अडगळीची खोली होती, तिथे जागेवरच्या सायकली मांडल्या. छातीला पट्टा बांधायचा, तो काळजाचे ठोके पलीकडच्या खोलीतल्या पडद्यावर दाखवायचा. एक लांब शिट्टी झाली की पाठीमागे वाघ लागल्यासारखं सायकल मारायची. थोडाच वेळ, पण असा, की बोलायला गेलं तर शब्द फुटू नये. माझ्या बाबतीत ही अट पूर्ण झाल्याचं पाहून धाकटीला फार समाधान वाटायचं. मग दोन आखूड शिट्ट्या. त्या झाल्या की जोर सोडायचा आणि, शिट्टीबाईंच्या शब्दांत, ‘हलकं काहीतरी करायचं’. मग पुन्हा लांब शिट्टी. असं काही वेळा, आठवड्यातून काही दिवस.

इथे घोळ झाला. मोठे सर, आता जरा पुष्पगुच्छाच्या बाजूने डोकवा, कारण यात तुम्हीही आहात.

पहिली पाचसहा मिनिटं खूप छान जायची. मग शिट्टीबाई पडद्याकडे बघून चक्रावायच्या. ठोके वर जात होते, पण खाली म्हणून येत नव्हते. त्यांना वाटलं पट्टे बिघडले. नवे पट्टे मागवले. तेही तसेच. त्यांना वाटलं पडद्यात खोट आहे. पडदा उघडून बघितला. सायकलींची खोली आणि पडद्याची खोली वेगळी होती ना! आणि मधल्या काळात मध्यावरची रक्ततपासणी झाली, दमाची चाचणी झाली. फरक जवळपास काहीच नाही. माझी साखर तर काठावरून एक पाऊल आणखी पुढे. त्या दिवशी मी सुई ओवायला घेतली आणि दोरा गेला नाही तो घाईमुळे की डोळ्यांमुळे, हेच मला कळेना.

मग एके दिवशी शिट्टीबाईंनी दोन आखूड शिट्ट्या फुंकल्या आणि पडद्यासमोर न थांबता त्या तडक आमच्या खोलीत आल्या. खोलीत कुणीच नव्हतं. सायकलींची चाकं नुसती फिरत होती. आम्ही सगळ्या पलीकडे इस्त्रीच्या खोलीत. थोरली गाठोडी उचलून गाडीत टाकतेय, धाकटी इस्त्रीच्या रुळावर चादर चढवतेय, मी अभ्र्यांची चळत घेऊन शेल्फाकडे निघालेय, आणि सगळ्यांच्या छातीला पट्टे!

“हे काय चाललंय?” त्या जवळजवळ किंचाळल्या.

थोरली म्हणाली, “हलकं काहीतरी करा म्हणालात ना? कोरडी गाठोडी घेतलीयेत. ओल्यांना हात नाही लावला.”

हसू नका. डॉक्टर मंडळींनी तर मुळीच हसू नये. तुम्हाला हलकं म्हणजे काय वाटलं असतं? हळूहळू पाय फिरवणं, हो ना? आमच्याकडे हलकं म्हणजे कोरडं. वर्षानुवर्षं आम्ही कामाची वाटणी अशीच करतो, अमकीची पाठ धरलीय, तिला आज हलकं द्या, म्हणजे कोरडं द्या. शब्द एकच, पण त्यांचा वेगळा आणि आमचा वेगळा. आणि आम्हाला मनातून बरंही वाटत होतं, की व्यायामही होतोय आणि कामही तुंबत नाही.

शिट्टीबाई तिथेच एका गाठोड्याला टेकल्या आणि एवढ्या हसल्या की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग त्यांनी नीट सांगितलं. मधे थांबला नाहीत, तर पुढचा जोर खोटा होतो. अंगात ताकदच उरत नाही, मग जोर लावल्यासारखं नुसतं वाटतं. थांबणं हा व्यायामाचाच भाग आहे, मधली सुट्टी नाही.

पण एवढ्यावर भागलं नाही. मोठे सर पाहणीला आले. आमच्या देखतच म्हणाले, या गटाचं सोडून द्या, सगळे आकडे वाया गेलेत, महाविद्यालयातल्या मुली घ्या, त्या सांगितलं तेवढंच करतात. सर, रागावू नका, तुमचं अगदीच चुकलं होतं असं मी म्हणत नाही. पण या बाईंनी आम्हाला सोडलं, तर मी पुन्हा त्या उताराच्या भिंतीपाशी आणि त्या गोळीपाशी येऊन उभी राहणार होते.

शिट्टीबाई म्हणाल्या, “सर, यांनीही सांगितलं तेवढंच केलं. शब्द माझा चुकला. कोवळ्या मुलींचं आपण पुष्कळ बघितलंय. मला यांचं बघायचंय. मी पहिल्यापासून सुरू करते.”

सरांनी आकड्यांचा कागद घडी करून खिशात ठेवला. मग म्हणाले, “करा.” सर, त्या एका शब्दासाठी मी आज सर्वांसमक्ष तुमचे आभार मानते. टाळ्या वाजवा की!

आणि पुन्हा सुरुवात झाली. आता ‘हलकं’ हा शब्द खोलीत उच्चारायचाच नाही असं ठरलं. दोन आखूड शिट्ट्या झाल्या की पाय सावकाश फिरवायचे आणि हात मांडीवर. बस. तुम्हाला सोपं वाटत असेल. आम्हाला सायकल पळवणं जमलं, पण हात मांडीवर ठेवणं जमेना. हात आपसूक कुठेतरी जायचा. कुणी पदराचं टोक दुमडतंय, कुणी शेजारणीच्या खांद्यावरचा धागा काढतंय. व्यायाम झाल्यावर मात्र काही वेळ बाकावर अगदीच स्वस्थ बसायचं होतं, आणि ते तर त्याहून अवघड. पहिल्या दिवशी धाकटी तशी बसली आणि एकदम तिच्या डोळ्यांना धारा लागल्या. आम्ही घाबरलो. ती म्हणाली, “काही नाही. मला कुणी असं बस म्हटलेलंच आठवत नाही.”

थोरली उसळली. “का गं? मी नाही म्हणत तुला बस?”

“म्हणता की वहिनी. पण पुढ्यात काहीतरी निवडायला ठेवून म्हणता.”

 दुसऱ्या दिवशी दुपारी थोरलीने धाकटीला बाकावर बसवलं आणि स्वतः तिच्या वाटणीच्या चादरी घड्या घालायला घेतल्या. मग शिट्टीबाईंनी थोरलीलाही दटावून बसवलं. दोघी जावा शेजारीशेजारी, हात मांडीवर, शाळेत शिक्षा झाल्यासारख्या.

ठरलेले आठवडे संपले. तपासण्या झाल्या. आता ऐका, कारण शिट्टीबाईंनी मला दम भरलाय की फुगवून सांगायचं नाही. वजनकाट्याने आमची दखलच घेतली नाही. ज्या बारीक व्हायला आल्या होत्या त्या तशाच गेल्या. पण दम? जवळपास सगळ्यांचा वाढला. यंदा रंगारी येऊन गेला त्याला बरेच दिवस झाले, आणि भिंतीवरचा पट्टा अजून उमटलेला नाही. खात्री नसेल तर चहा झाल्यावर उतारापर्यंत चक्कर मारून या. साखरेचं मात्र प्रत्येकीचं वेगळं. काहींची खाली आली. थोरलीची आली नाही, तिला गोळी सुरू झाली. ती म्हणते, गोळी तर गोळी, पण जिना चढताना मी आता धाकटीच्या पुढे असते. शिट्टीबाई हेही बजावतात, की आमचा गट लहान होता, आठवडे थोडे होते, आणि सोडून दिलं तर मिळालेलं हळूहळू जातं. म्हणून आम्ही सोडलेलं नाही. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी शिट्टी अजून वाजते.

माझी साखर काठावरून मागे आली. फार नाही. पण मागे आली.

त्या संध्याकाळी मी घरी दोन्ही गोष्टी एकदम सांगितल्या. आधी काय होतं तेही, आणि आता काय आहे तेही. आमचे हे फारसे बोलणारे नाहीत. ते उठले, सुई-दोरा घेऊन आले आणि दिव्याखाली बसून ओवायला लागले. किती तरी वेळ झटापट चालली होती. शेवटी मीच त्यांच्या हातातून घेतलं आणि एका फटक्यात ओवून दिलं. ते म्हणाले, “हं. म्हणजे आता काळजी माझ्या डोळ्यांची करायची.” आणि चष्मा पुसत बसले, पुष्कळ वेळ. सुईचं मी ह्यांना कधी सांगितलं नव्हतं हो. त्यांना सगळं माहीत होतं.

तर शिट्टीबाई आता निघाल्या. दुसऱ्या गावी, दुसऱ्या कुठल्या तरी बायकांकडे. त्यांनाही त्या भीती कसली ते विचारतील. आमच्यात काय बदल झाला ते कागदावर येईल, आमची नावं नसतील, पण आलेखातली एखादी रेघ माझी असेल. माझ्या आईला असं कुणी भेटलं असतं तर काय झालं असतं, हे मी मनात आणत नाही. कधीकधी येतंच. संध्याकाळी मला न्यायला आलेली माझी मुलगी मला अजून दुरून ओळखू येते, उताराच्या त्या टोकापासून, नुसत्या चालीवरून. एवढंच मला हवं होतं. ते मला या बाईंनी दिलं. बाई, मी तुमची फार ऋणी आहे.

कार्यक्रमाच्या रीतीप्रमाणे अधीक्षक साहेबांचे आभार, त्यांनी अडगळीची खोली दिली. मोठ्या सरांचे आभार मी मानलेच आहेत. धुलाईघरातल्या सगळ्याजणींचे आभार, त्या अजून सटकलेल्या नाहीत. बोलण्याच्या ओघात कुणाला टोचलं असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, आवाज चढला असेल, तर ते तळघराच्या खात्यावर टाका आणि मला माफ करा.

पण एक काम राहिलंय. गेल्या आठवड्यात शिट्टीबाईंनी त्यांची शिट्टी माझ्या गळ्यात घातली, पुढचं तुम्ही सांभाळा म्हणाल्या. ही बघा. इतक्या महिन्यांत मी या बाईंना आमच्या बाकावर एकदाही बसलेलं पाहिलं नाही. पट्टे बांध, पडदा बघ, पाणी आण, सायकली पूस. आताही बघा, माझं एवढं भाषण होईस्तोवर ट्रे हातात धरून उभ्याच आहेत. बाई, मी तुमच्याहून वयाने मोठी आहे. आज एकदाच एकेरीवर येते, माफ कर.

ठेव गं पोरी तो ट्रे. थोरली, घे तिच्या हातातून. हलकाच आहे. आणि ये इथे, या खुर्चीवर.

आता मी शिट्टी वाजवते. दोन आखूड. सभागृहात कुणीही उठायचं नाही, कुणी चहा वाटायचा नाही, थंड झाला तर थंड पिऊ.

ऐकलंस ना? बस. हात मांडीवर.

असं. आता पुढची लांब शिट्टी मी वाजवणार नाही. ती तुझी तू वाजव, नव्या गावी गेल्यावर, तुला वाटेल तेव्हा.